टँकरवरची अकरा माणसं

आमच्या मालिकेत कप्तानाच्या मांजराला नाव होतं. ते कुठल्या ग्रहावर जन्मलं, त्याला काय खायला आवडतं, ते कोणाच्या मांडीवर बसत नाही, हे सगळं आम्ही लिहून ठेवलं होतं. सातव्या भागात कप्तानाच्या यानातलं इंधन संपतं. मग तो आणि त्याचे पाच साथीदार शत्रूच्या इंधनाच्या टँकरवर छापा घालतात, चार मिनिटांत टाक्या भरून घेतात आणि जाता जाता टँकर उडवून देतात. त्या टँकरवर माणसं किती होती, हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. कोणाला सुचलंच नव्हतं. तो भाग मी लिहिला होता.

टँकरवर माणसं असतात, हे आम्हाला दिगंबर तोरसकरांनी सांगितलं. तो भाग आता लोक बघताहेत. स्फोट आवडला असं कळवताहेत. शेवटी काळ्या पडद्यावर नावं वर सरकत जातात, त्यांत मांजर सांभाळणाऱ्या मुलीचंसुद्धा नाव आहे. तोरसकरांचं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

सिंगापूरला एका कारखान्यांच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर आमचा स्टुडिओ होता. तिसऱ्या मजल्यावर माशाचे गोळे करून पाकिटात भरत. दुपारी तीननंतर आमच्या अंतराळात मासळीचा वास सुटायचा. नट नाकाला रुमाल लावायचे. एकटे तोरसकर खोल श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आज ताजी आहे हां."

ते वेंगुर्ल्याकडचे. वीसेक वर्षं जहाजांवर इंजिनियर होते, शेवटची काही वर्षं चीफ इंजिनियर. मग समुद्र सोडून हार्बरफ्रंटला एका कचेरीत जहाजांत भरलेलं तेल मोजण्याचं काम केलं, आणि ती कचेरी गुंडाळली गेल्यावर आमच्याकडे तांत्रिक सल्लागार म्हणून आले. आमच्या मालिकेला पाठबळ देणारी कंपनी जहाजांच्या इंधनातली होती. तेल भरण्याची दृश्यं चुकीची दिसू नयेत म्हणून तिनेच असा माणूस नेमायला लावला होता. बुटके, रुंद मनगटांचे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक छोटा टॉर्च. स्टुडिओत दिवे कधी गेल्याचं मला आठवत नाही, पण टॉर्च रोज असायचा.

कुठलीही बंद वस्तू दिसली की ते तिच्यावर बोटाने टकटक करत. पाण्याचा जार, कॉफीचं यंत्र, साखरेचा डबा. मग कान देऊन किती भरलं आहे ते सांगत, आणि ते बरोबर निघे. आमचे निर्माते गौतम सबनीस यांनी केबिनमध्ये नवं टेबल आणलं तेव्हा तोरसकरांनी त्यावरही टकटक केली आणि गंभीरपणे म्हणाले, "पोकळ आहे." सबनीस मुंबईचे, हसतमुख, कोणालाही दुखवायचं नाही असं ठरवून बोलणारे. तेही हसले. पण त्या दिवसानंतर मीटिंगला तोरसकरांची खुर्ची जरा लांब ठेवली जाऊ लागली, असं माझं मत आहे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे नावं. आमच्या मजल्यावर लादी पुसायला म्यानमारची एक बाई येई. तिचं नाव थांडा, तिला दोन मुलगे, धाकट्याला दमा, हे तोरसकरांना आठवडाभरात ठाऊक झालं. मी तिथे वर्षभर होते. मी ज्या घरात वाढले तिथे मोर्च्यांची पत्रकं स्वयंपाकघरात वाळत घातलेली असत. 'कष्टकरी' हा शब्द मी 'कमळ'च्या आधी वाचायला शिकले. आणि मला थांडाचं नाव माहीत नव्हतं. तोरसकरांनी कुठलंच पत्रक वाचलेलं नव्हतं. त्यांना राजकारणाचा कंटाळा होता. ते फक्त विचारायचे, "नाव काय तुमचं?" आणि उत्तर लक्षात ठेवायचे.

सातव्या भागाचं पहिलं वाचन झालं ती दुपार मला स्पष्ट आठवते. मी वाचत होते, दहा-बारा जण ऐकत होते. टाक्या भरल्या, टँकर उडाला, कप्तान हसला. मी कागद खाली ठेवले. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"हे तुमचं इंधन द्रव आहे की वायू?" तोरसकरांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"तोरसकर साहेब, फ्यूचर आहे ते," सबनीस म्हणाले. "काहीतरी निळं, चमकणारं दाखवू आपण."

"निळं दाखवा की. माझी हरकत नाही. पण नळीतून वाहतं ना? मग नळीला दोन टोकं आली. एका टोकाला तुमचा कप्तान. दुसऱ्या टोकाला कोण?"

त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"अगो लेखिकाबाई, तुला विचारतो आहे मी."

"शत्रूचा टँकर," मी म्हटलं.

"टँकरला हात असतात?"

लोक हसले. ते हसले नाहीत. त्यांनी उठून फळ्यावर दोन चौकोन काढले, मध्ये एक रेघ. टँकरवर एक पंपमन असतो, ते म्हणाले. कुठल्या टाकीतून कुठल्या वाटेने तेल काढायचं, कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, पंप कधी वाढवायचा, हे त्यालाच माहीत असतं. एक चूक झाली तर नळी फुटते आणि दोन्हीकडची माणसं भाजतात. त्याला चार मिनिटं नाहीत, तासन् तास लागतात. "तुमचा कप्तान बंदूक घेऊन कितीही ओरडला तरी टाकी काय त्याला घाबरत नाही. घाबरेल तो माणूस. तो माणूस लिही."

मी तो माणूस लिहिला. कप्तान बंदूक रोखतो, पंपमन त्याच्या डोळ्यांत बघतो, मग सावकाश चाक फिरवतो. माझ्या अख्ख्या भागात तेवढीच पानं वाचण्यासारखी होती. सबनीसांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "आता ड्रामा आला! मस्त!" पण शेवट तोच राहिला. टाक्या भरतात, पंपमनसकट टँकर उडतो, कप्तान हसतो.

नवं वाचन झालं. मग तोरसकरांनी विचारलं, "ज्याने व्हॉल्व्ह उघडला, त्यालाच उडवता?"

"तो शत्रू आहे ना, सर," दिग्दर्शनाच्या टीममधलं कोणीतरी म्हणालं.

"तो पंपमन आहे," तोरसकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखकांच्या खोलीत भिंतीवर एक कागद लावलेला होता. प्रत्येक जहाजावर असा एक कागद असतो, त्याला मस्टर लिस्ट म्हणतात. जहाजावर कोण कोण आहे, आणि धोक्याची घंटा झाली तर कोणी कुठे जायचं, कुठल्या होडीत बसायचं, ते त्यावर लिहिलेलं असतं. तोरसकरांनी आमच्या त्या काल्पनिक टँकरची मस्टर लिस्ट केली होती. पट्टीने रेघा मारून, निळ्या शाईत. अकरा नावं. कप्तान, दोन अधिकारी, चीफ इंजिनियर, पंपमन, खलाशी, आचारी. इंडोनेशियातली नावं, फिलिपिन्सची, म्यानमारची, एक बंगाली. चीफ इंजिनियरच्या पुढे 'डी. तोरसकर' असं लिहिलेलं.

"तुम्ही स्वतःलाच घातलंत, काका?" मी विचारलं. मी एकटीच त्यांना काका म्हणत असे.

"प्रत्येक टँकरवर एक चीफ असतोच. दुसऱ्याचं नाव कशाला घालू?"

तो कागद आमच्या खोलीत विनोदाचा विषय झाला. कोणीतरी आचाऱ्याच्या नावापुढे हसरा चेहरा काढला. कोणीतरी बाराव्या ओळीत मांजराचं नाव लिहिलं. तोरसकर रोज सकाळी खोडरबर घेऊन येत, ते पुसत आणि जागेवर जाऊन बसत. मला त्या वेळी हे हट्टीपणाचं, जरासं हास्यास्पदही वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग हेल्मेटांचा निर्णय झाला. टँकरवरच्या माणसांना काळ्या काचेची हेल्मेटं घालायची, चेहरे दिसू द्यायचे नाहीत. सबनीसांनी ते फार समजूतदारपणे मांडलं. "फेस दिसला की ऑडियन्स पंपमनसाठी रडायला लागते. मग कप्तान व्हिलन वाटतो. तो वाटता कामा नये."

"आणि काच काळी केली की तो व्हिलन राहत नाही?" तोरसकर म्हणाले.

"तोरसकर साहेब, तुम्ही फार मनाला लावून घेता."

हे वाक्य मी तेव्हापासून अनेकदा ऐकलं आहे. जो माणूस दुसऱ्याचं मरण हिशेबात धरायला सांगतो त्याला हे ऐकवतात. मनाला लावून घेऊ नका. म्हणजे मन आहे हे मान्य, फक्त त्याला काही लागू देऊ नका. आणि हे सांगणारा माणूस कधी ओरडत नाही. त्याच्या टेबलावर मुलांचे फोटो असतात. तो कॉफी विचारतो. मला ओरडणाऱ्या माणसांची भीती राहिलेली नाही, ह्यांची आहे.

तोरसकरांनी एक तोडगा काढला. टँकर उडायचा तर उडू दे. पण त्याआधी एक होडी सुटताना दाखवा. अकरा माणसं होडीत, होडी दूर जाते, बस. पत्रा आणि थर्माकोल वापरून होडी ते स्वतः करून देणार होते. हातात घड्याळ घेऊन त्यांनी माझ्यासमोर ते दृश्य मोजलं. सात सेकंद. मी ते लिहिलं. दोन ओळी होत्या. पुढच्या मीटिंगमध्ये सबनीस म्हणाले, भाग आधीच लांबला आहे, सात सेकंद कुठून आणू? त्याच भागात स्फोटाचा आवाज ऐकून मांजर दचकतं, मग कप्तानाकडे बघतं, मग डोळे मिटतं. ते वीस सेकंदांचं होतं. मी हे बोलले नाही. सबनीसांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पेनने त्या दोन ओळी खोडल्या. कोणी माझा हात धरला नव्हता.

त्या शुक्रवारी तोरसकरांपुढे एक फॉर्म आला. पाठबळ देणाऱ्या कंपनीला हवा होता. तेल भरण्याची प्रक्रिया, नळी, व्हॉल्व्ह, पंप हे सगळं या भागात बरोबर दाखवलं आहे, असं तांत्रिक सल्लागाराने लिहून द्यायचं आणि खाली सही. तोरसकरांचं कंत्राट त्याच महिन्यात वाढायचं होतं. ते वाढलं नाही तर त्यांचा सिंगापुरात राहण्याचा पास संपणार, आणि पास संपला की त्यांच्याबरोबर त्यांच्या बायकोचा आणि मुलीचाही. मुलगी, इरा, सोळा वर्षांची. वर्षअखेरीस तिची ओ लेव्हलची, म्हणजे आपल्या दहावीसारखी परीक्षा. ते सगळं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सबनीसांना तर फारच चांगलं माहीत होतं.

त्या वेळी मी केबिनमध्येच होते, दुरुस्त केलेली पानं घेऊन.

"होडी नाही, तर सही कशाची?" तोरसकर म्हणाले.

"होडीचा काय संबंध? फॉर्म नीट वाचा ना. नळी बरोबर आहे?"

"आहे."

"व्हॉल्व्ह बरोबर आहे?"

"आहे. मीच सांगितलाय."

"मग झालं तर! त्यात एक तरी वाक्य खोटं आहे का, सांगा."

तोरसकरांचा चेहरा उतरला. ते फॉर्मकडे बघत राहिले. "नाही," ते म्हणाले. "खोटं एकही नाही. तेव्हाही नव्हतं."

"तेव्हा म्हणजे?"

"सोमवारी सांगतो," असं म्हणून ते फॉर्म घेऊन गेले.

रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. बेडोकला आठव्या मजल्यावर त्यांचा भाड्याचा फ्लॅट. सुलभाकाकूंनी बांगड्याचं तिखलं केलं होतं. टेबलाच्या एका टोकाला तो फॉर्म, त्यावर मिठाची बाटली ठेवलेली. इरा भौतिकशास्त्राच्या पुस्तकामागे तोंड लपवून बसली होती. जेवण अर्ध्यावर आलं आणि तिने पुस्तक आपटलं.

"अकरा इमॅजिनरी लोकांसाठी, बाबा? दे आर नॉट ईव्हन रिअल, लाह! माय एक्झाम इज रिअल."

"इरा, जेव आधी," काकू म्हणाल्या.

"नो, आई, लेट हिम अॅन्सर."

तोरसकरांनी हात धुतले, पुसले आणि परत येऊन बसले. "एक आहे त्यातला," ते म्हणाले. "पंपमन. सुहार्दी."

मग त्यांनी जे सांगितलं ते काकूंना थोडंफार माहीत होतं. इराला काहीच नव्हतं.

त्यांच्या टँकरवर एकदा खरोखरच छापा पडला होता. मलाक्काच्या सामुद्रधुनीत, सकाळची पाळी बदलत असताना. एका वेगवान होडीतून आठ माणसं वर चढली. नऊ जणांना जेवणाच्या खोलीत कोंडलं. तोरसकर आणि सुहार्दी पंपांच्या खोलीत होते, त्यांना तिथेच ठेवलं. थोड्या वेळाने शेजारी दुसरं जहाज येऊन लागलं, त्यांना यांच्या टाक्यांतलं तेल हवं होतं. सुहार्दी तेव्हा जेमतेम तिशीचा. तो व्हॉल्व्हजवळ हात बांधून उभा राहिला आणि हलेना.

"मग त्यांनी बंदूक लावली," तोरसकर म्हणाले. "त्याला नाही. मला. इथे." त्यांनी कानाच्या वर बोट टेकवलं. "त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. उघड म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. त्याने उघडला."

तेल नेलं, माणसं गेली, कोणाला ओरखडाही आला नाही. आठ दिवसांनी कंपनीने चौकशी केली. चोरांना आतून कोणाची मदत होती का, हे त्यांना ठरवायचं होतं. चीफ इंजिनियरला एक छापील फॉर्म दिला. त्यात विचारलं होतं, व्हॉल्व्ह कोणी उघडला? पंपमनने. त्याने विरोध केला का? नाही. त्याला मारहाण झाली होती का? नाही. बंदूक कोणावर होती, हे फॉर्मवर विचारलंच नव्हतं. तोरसकरांनी वेगळ्या कागदावर लिहू का म्हणून विचारलं. समोरचा माणूस म्हणाला, चीफ, जेवढं विचारलंय तेवढंच लिहा, उगाच प्रकरण वाढेल, तुम्हालाही घरी जायचंय. त्यांना घरी जायचं होतं. त्यांनी सही केली.

"एक वाक्य खोटं नव्हतं. सगळं खरं होतं," ते म्हणाले. "सुहार्दीला काढलं. आतला माणूस म्हणून. पुढे कुठल्याच जहाजाने घेतलं नाही त्याला. मला बढतीचं पत्र आलं. मी ते घेतलं नाही, समुद्र सोडला, पण त्याने सुहार्दीला काय मिळालं? आता तोच प्रसंग टीव्हीवर दाखवताहेत. तोंडावर काळी काच, शेवटी उडवून टाकायचा. आणि खाली सही पुन्हा माझीच."

खिडकीखाली कोणी बॅडमिंटन खेळत होतं, त्याचे आवाज वर येत होते. इराचा राग गेला नव्हता, तो तिच्या ओठांवर स्पष्ट दिसत होता. तिने ताट उचललं, मोरीत ठेवलं, आतून लॅपटॉप आणला.

"व्हॉट इज हिज फुल नेम?" तिने विचारलं.

"सुहार्दी. एवढंच. इंडोनेशियात पुष्कळांना एकच नाव असतं."

"फाइन. सांग. स्लोली. मी टाइप करते."

बापाने मराठीत सांगितलं आणि मुलीने इंग्रजीत लिहिलं. ती दोनदा थांबली. एकदा म्हणाली, "तू काहीच बोलला नाहीस, हे पण टाकू?" ते म्हणाले, "ते आधी टाक." मी काकूंबरोबर भांडी पुसत होते. मी हळूच विचारलं, "काकू, तुम्हाला चालेल?" त्या म्हणाल्या, "मला सामान बांधायची सवय आहे गं. बोटीवरच्या माणसाशी लग्न केलं तेव्हाच लागली. हिच्या परीक्षेचं तेवढं बघायला हवं."

सोमवारी तोरसकरांनी फॉर्म सही न करता सबनीसांच्या टेबलावर ठेवला. काही भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले, "नळी बरोबर आहे. माणसं चुकली आहेत. सही देत नाही."

सबनीसांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी तसं तीनदा सांगितलं. मग कंत्राट वाढवता येत नसल्याचं पत्र आलं, एक महिन्याची नोटीस. फॉर्मवर सही करायला दुसरे कोणीतरी सल्लागार दोन दिवसांत मिळाले. त्यांनी कॉफी पिता पिता सही केली, मी बघितलं. भिंतीवरची मस्टर लिस्ट एका दुपारी कोणीतरी काढली. कोणी, ते मी विचारलं नाही, आणि हे न विचारणं मला आजही बोचतं. अन्यायाची मोठमोठी वर्णनं मी लहानपणापासून वाचली होती. त्यांत हुकूम असत, लाठ्या असत, फाटक बंद झालेलं असे. इथे काहीच बंद झालं नाही. एक भला माणूस कामावरून गेला, आणि दुपारी सगळ्यांनी मिळून कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाल्ला. मीही खाल्ला.

इराच्या शाळेतल्या बाईंनी धावपळ करून तिच्यापुरता विद्यार्थ्याचा पास मिळवून दिला. परीक्षा होईपर्यंत ती पासिर रिसला एका मैत्रिणीच्या घरी राहणार होती. सोळाव्या वर्षी आईबापांशिवाय, दुसऱ्याच्या घरी, परीक्षेच्या तोंडावर. ही किंमत त्या सात सेकंदांची. ती मोजली सगळ्यात लहान माणसाने.

नोटिशीच्या महिन्यात तोरसकर आधी त्या जहाज कंपनीच्या कचेरीत गेले. इराने टाइप केलेलं निवेदन त्यांनी पुढे ठेवलं. तिथल्या मुलीने सौजन्याने सांगितलं की ती फाइल कधीच बंद झाली आहे, आता त्यात कागद घालता येत नाही. त्यांनी पोच मागितली. तीही मिळाली नाही. मग जुन्या आचाऱ्याला फोन करून त्यांनी सुहार्दीचा पत्ता काढला. इंडोनेशियातल्या बाताम बेटावर, त्याच्या बहिणीच्या घरी राहतो, एवढं कळलं. बाताम म्हणजे हार्बरफ्रंटहून फेरीबोटीने तासाभराचा प्रवास. इतकी वर्षं तो माणूस तासाभरावर होता.

ज्या दिवशी ते बातामला निघाले, त्याच दिवशी स्टुडिओत स्फोटाचं चित्रीकरण होतं. टँकरचा नमुना एकच होता, त्यामुळे ते एकाच वेळी, पहिल्या फटक्यात जमायला हवं होतं. लेखिकेने हजर राहायचं होतं. मी सकाळी आधी हार्बरफ्रंटला गेले.

फेरीच्या रांगेत गोल्फच्या पिशव्या घेतलेले लोक होते, सुट्टीवर निघालेली कुटुंबं होती. तोरसकर इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून उभे होते. हातात एक प्लास्टिकची फाइल.

"तू कशाला आलीस गो? आज तुझं ते उडवायचंय ना?"

"काका, तो भेटेल का?"

"घरी असला तर."

"आणि दार उघडलं नाही तर?"

"तर दाराखालून सरकवीन. इंग्रजीत एक, त्यांच्या भाषेत एक. थांडाच्या ओळखीच्या एका बाईने करून दिलं." त्यांनी फाइल दुसऱ्या हातात घेतली. "तोंडाने काय बोलायचं ते मात्र जमत नाही अजून. फेरीत बघतो."

मला त्यांना सांगायचं होतं की आज मी जाणार नाही, सबनीसांना फोन करून सांगते, माझं नाव त्या भागावरून काढा. ते वाक्य माझ्याकडे तयार होतं. गाडीत बसून मी ते जुळवलं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "जा. उशीर होईल तुला." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यांनी यंत्रावर पासपोर्ट ठेवला, अंगठा टेकवला. फाटक उघडलं नाही. त्यांनी अंगठा शर्टाला पुसला आणि पुन्हा टेकवला. उघडलं. फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून ते आत गेले, एखादं काठोकाठ भरलेलं पातेलं नेतात तसे, पावलं जपून टाकत. पुढे एक काचेची भिंत होती. तिच्यापलीकडे रांगेत त्यांचे ओठ हलताना दिसत होते. ते बोलून बघत होते. पहिलं वाक्य, मग थांबणं, मान हलवणं, मग पुन्हा पहिलं वाक्य.

मी ते पुरतं बघायला थांबले नाही. मला सेटवर पोचायचं होतं. मी वेळेवर पोचले.